राजीनामा आणि कबुलायत
(बैहर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राजीनामा हा शब्द आपल्याकडे फारशीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ मोठा गमतीचा आहे. ज्या कागदावर मनुष्य आपली राजीखुशी लिहून देतो, तो राजीनामा. जमीनमहसुलाच्या जुन्या दप्तरांत ‘राजीनामा-कबुलायत’ अशी कागदांची जोडी असे. जमीन सोडणारा खातेदार राजीनामा लिहून देई आणि ती घेणारा कबुलायत. म्हणजे राजीनामा एकटा कधी नसेच. एकाने सोडले, तर दुसऱ्याने पत्करले, हे त्याच वेळी कागदावर येई. राजकारणात आल्यावर मात्र या शब्दाची जोडी मोडली. आज राजीनाम्यात राजी क्वचितच असते, आणि कबुलायत कोणी कोणाला लिहून दिली आहे, हे तर मतदाराला कधीच दाखवीत नाहीत. पक्षात राहून माणसाने आपले मत किती राखावे, निष्ठा कोणाशी ठेवावी आणि मत व निष्ठा यांचा मेळ बसेना म्हणजे काय करावे, या विषयावर आम्हांस आज बोलावयाचे आहे.

हा विषय बैहरला कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. तोपर्यंत बैहर ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती. पक्षशिस्त श्रेष्ठ की प्रतिनिधीची सदसद्विवेकबुद्धी श्रेष्ठ, हा हिंदुस्थानातील पहिला मोठा खटला याच प्रांतात, १९३८ च्या जुलै महिन्यात चालला. त्याचे वादी-प्रतिवादी आपल्याच शेजारचे होते. एक नागपूरचा, एक रायपूरचा, एक जबलपूरचा आणि एक तर अगदी शिवनीचा.

नागपूरचे डॉक्टर नारायण भास्कर खरे १९३७ साली मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्य प्रधान झाले. त्यांच्या मंत्रिमंडळात रायपूरचे रविशंकर शुक्ल, जबलपूरचे द्वारकाप्रसाद मिश्र आणि शिवनीचे दुर्गाशंकर मेहता हे महाकोशलचे तिघे होते. वऱ्हाडचे गोळे आणि देशमुख हे दोघे मराठी मंत्री. हे घर पहिल्यापासूनच दुभंगलेले होते. १९३८ च्या मे महिन्यात पचमढीला काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डाने दोन्ही बाजूंची दिलजमाई करून दिली. पण वरून सारवलेली भेगाळ भिंत पहिल्या पावसाला जशी उघडी पडते, तशीच ही तडजोड जुलैत उघडी पडली.

२० जुलै रोजी डॉक्टर खरे यांनी आपला, गोळ्यांचा आणि देशमुखांचा राजीनामा गव्हर्नरकडे दिला व उरलेल्या तिघांकडेही राजीनामे मागितले. हेतू उघड होता. सर्वांनी राजीनामे द्यावे आणि मग मुख्य प्रधानाने आपल्या मर्जीचे नवे मंत्रिमंडळ बनवावे. तिघांनी नकार दिला. पक्षाच्या श्रेष्ठीमंडळाने सांगितल्यावाचून आम्ही पद सोडणार नाही, असे ते म्हणाले. त्यावर गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी रातोरात त्या तिघांना बडतर्फ केले आणि २१ जुलै रोजी खऱ्यांचे दुसरे मंत्रिमंडळ उभे राहिले. ते दोन दिवस टिकले. वर्ध्यास बोर्डापुढे पाचारण झाल्यावर २३ जुलै रोजी खऱ्यांनी दुसरा राजीनामा दिला. २६ जुलै रोजी वर्किंग कमिटीने ठराव करून त्यांना जबाबदारीच्या जागेस अपात्र ठरविले आणि गव्हर्नराच्या घाईचाही निषेध केला. दुसऱ्या दिवशी वर्ध्यातच विधिमंडळ पक्षाची सभा होऊन शुक्ल नेते निवडले गेले.

आता या खटल्यात न्याय कोणाचा? आमच्या वडीलधाऱ्या पिढीतील बहुतेक मराठी माणसांनी याचा निकाल एका वाक्यात लावला होता की, महाकोशलने मराठी मुख्य प्रधानाचा काटा काढला. त्या तक्रारीत काहीच तथ्य नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही. पण तेवढ्यावर विषय संपविणे म्हणजे मूळ प्रश्नाला बगल देणे होय. मूळ प्रश्न हा की, मंत्री कोणाचा असतो? १९३५ च्या कायद्याप्रमाणे मंत्री गव्हर्नराच्या मर्जीवर होता. विलायतेच्या प्रघाताप्रमाणे तो मुख्य प्रधानाचा सहकारी होता, म्हणून मुख्य प्रधानाने मागताच त्याने राजीनामा द्यावयास हवा होता. लोकशाहीच्या तत्त्वाप्रमाणे तो विधिमंडळाला जबाबदार होता. आणि काँग्रेसच्या शिस्तीप्रमाणे तो होता बोर्डाचा शिपाई. असे चार धनी असलेला मंत्री कोणाच्याही घरी पोटभर जेवू शकत नाही. खऱ्यांनी दुसरा धनी मानला, तिघांनी चौथा, आणि वायलीसाहेबांनी पहिल्याच्या नावाने आपला डाव साधून घेतला. तिसऱ्या धन्याला, म्हणजे जे निवडून आलेल्यांचे सभागृह होते त्याला, कोणी विचारलेच नाही.

गांधीजींनी त्या वेळी ‘हरिजन’मधून वर्किंग कमिटीची बाजू मांडली. काँग्रेस ही घरच्या कारभारापुरती लोकशाही संस्था असली, तरी परसत्तेशी झगडणारी संघटना म्हणून ती सैन्यासारखी आहे, आणि सैन्यात हुकूम एकाच ठिकाणाहून सुटला पाहिजे, असा त्या युक्तिवादाचा आशय होता. हा युक्तिवाद हलका नव्हता. समोर इंग्रज होता, आणि प्रांताच्या काँग्रेसी मुख्य प्रधानाने आपल्याच सहकाऱ्यांविरुद्ध त्या इंग्रजाच्या गव्हर्नराचा हुकूम वापरला होता. या एका गोष्टीपुरते आमचे मत खऱ्यांच्या विरुद्ध आहे. मतभेदासाठी राजीनामा देणे निराळे. दुसऱ्याला हुसकून लावण्यासाठी पाचर म्हणून राजीनामा वापरणे निराळे. खऱ्यांचा पहिला राजीनामा हा पद सोडण्याचा नव्हताच, तो पद अधिक घट्ट पकडण्याचा होता. त्याची पुरती किंमत त्यांना मोजावी लागली.

पण सैन्याच्या उपमेला दुसरी बाजू आहे आणि ती कडू आहे. सैन्य युद्धापुरते असते. युद्ध संपल्यावर छावणी मोडावी लागते. १९४७ नंतर राज्य आपले झाले, शत्रू गेला, तरी सर्व पक्षांनी छावणीची शिस्त तेवढी ठेवून घेतली. कोठल्याही पक्षाचे श्रेष्ठीमंडळ आज आपल्या सभासदाशी ज्या भाषेत बोलते, ती वर्ध्याचीच आहे. फरक इतकाच की, वर्ध्याला निदान ठराव होत असे, त्यात कारणे नमूद असत आणि ती वर्तमानपत्रांत छापून येत. खऱ्यांनी आपला बचाव पुस्तिका छापून लोकांपुढे मांडला. आरोप आणि उत्तर दोन्ही उजेडात होती.

या शिस्तीचे चक्र किती लवकर फिरते, हेही याच प्रांताने पाहिले. खऱ्यांवर कारवाई झाली तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. पुढल्याच वर्षी सुभाषबाबू पुन्हा अध्यक्ष निवडून आले. लागलीच वर्किंग कमिटीच्या बहुसंख्य सभासदांनी राजीनामे देऊन त्यांची कोंडी केली. जबलपूरजवळच्या त्रिपुरीला अधिवेशन भरले आणि एप्रिल १९३९ मध्ये सुभाषबाबूंना स्वतःलाच अध्यक्षपदाचा राजीनामा द्यावा लागला. ऑगस्टात त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. १९५१ साली पंडित नेहरूंनी वर्किंग कमिटीचा राजीनामा दिला, तेव्हा पद सोडावे लागले ते टंडनजींना. नेहरू त्यांच्या जागी अध्यक्ष झाले. थोरांचा राजीनामा बहुधा दुसऱ्याच्या खात्यावर पडतो, असे म्हणावयास हरकत नाही. त्याच १९५१ साली द्वारकाप्रसाद मिश्र नेहरूंशी भांडून मंत्रिपदातून आणि काँग्रेसमधून बाहेर पडले. १९३८ साली श्रेष्ठींच्या आज्ञेवाचून खुर्ची न सोडणारे हेच ते मिश्र. आम्हांस यात विसंगती दिसत नाही, माणूस दिसतो. शिस्तीची धार आपल्या मानेवर लागेपर्यंत ती कोणालाच बोचत नाही.

आता ज्यांचे नाव या संदर्भात आदराने घ्यावयास हवे आणि ज्यांना आपण जवळजवळ विसरलो आहोत, अशा एका वैदर्भीय पुरुषाकडे वळू. वणीचे लोकनायक बापूजी अणे. १९३४ साली जातीय निवाड्याच्या प्रश्नावर काँग्रेसने निवाडा मान्यही करावयाचा नाही आणि अमान्यही करावयाचा नाही, असे धोरण घेतले. अण्यांना ते पटले नाही. ते आणि पंडित मालवीय राजीनामे देऊन बाहेर पडले आणि काँग्रेस नॅशनॅलिस्ट पार्टी या उघड नावाने निवडणुकीस उभे राहिले. येथे लक्षात घ्या की, एकाच प्रश्नावर मतभेद होता, तो प्रश्न कोणता हे सर्वांना ठाऊक होते आणि त्या प्रश्नावर मतदारांचा कौल मागितला गेला होता. पुढे अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. त्यांचे ते जाणे पुष्कळांना रुचले नाही, आणि आम्हांसही त्याचे समर्थन करावयाचे नाही. पण फेब्रुवारी १९४३ मध्ये आगाखान पॅलेसात गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास आरंभिला आणि सरकार त्यांना सोडीना, तेव्हा अण्यांनी होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्या मंडळाचा राजीनामा दिला. ज्या गांधींच्या पक्षाशी त्यांचे नऊ वर्षांपूर्वी बिनसले होते, त्याच गांधींसाठी त्यांनी खुर्ची सोडली. आणि त्याच वर्षी त्याच मंडळात येऊन बसले कोण? डॉक्टर खरे! ज्यांचे मत पक्षाने चिरडले, त्यांच्या मनात इतका कडवटपणा साठला की, ज्या गव्हर्नरी राजवटीने त्यांचा वापर करून घेतला तिच्याच पंगतीस ते जाऊन बसले. पक्षाने माणसाला अपमानित करून बाहेर घालविले म्हणजे पक्षाचेही नुकसान होते आणि माणसाचेही, याचे याहून ठळक उदाहरण आमच्यापुढे नाही.

महाराष्ट्राला जो राजीनामा पाठ आहे, तो अर्थात चिंतामणराव देशमुखांचा. हे चिंतामणरावही आपल्या परिचयाचे, कारण सनदी नोकरीतील त्यांचा उमेदीचा काळ याच मध्यप्रांत-वऱ्हाडात गेला होता. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबईत गोळीबार झाले, माणसे पडली. अर्थमंत्री देशमुख यांनी राजीनामा देऊ केला. अर्थसंकल्प तोंडावर होता, म्हणून त्यांनी तो पुरा केला, घर मोडून टाकून ते पळाले नाहीत. जूनमध्ये पंतप्रधानांनी मुंबईच्या काँग्रेस बैठकीत त्याच निर्णयाचा पुनरुच्चार केला आणि जुलैत राजीनामा मंजूर झाला. २५ जुलै रोजी लोकसभेत उभे राहून त्यांनी आपली कारणे सांगितली. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाने रीतसर विचार करून घेतलेला नाही, गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली आणि या सर्वांमागे महाराष्ट्राविषयी आकस आहे, हे तीन आरोप त्यांनी पंतप्रधानांच्या समोर, त्यांच्या तोंडावर केले. पंतप्रधानांनी उत्तर दिले. ते कोणाला पटले, कोणाला पटले नाही.

लोक ‘आकस’ हा शब्द लक्षात ठेवतात. आम्हांस पहिला आरोप अधिक महत्त्वाचा वाटतो. मंत्र्याने मंत्रिमंडळाच्या निर्णयाशी बांधून राहावे, हे सामुदायिक जबाबदारीचे तत्त्व होय. पण ती जबाबदारी तेव्हाच बंधनकारक, जेव्हा निर्णय खरोखर सर्वांच्या विचाराने झालेला असतो. ज्याला विचारलेच नाही, त्याच्याकडून निष्ठा कोणत्या नियमाने मागावयाची? चर्चा करून हरलेल्याने बहुमत पाळावे, हे योग्य आहे. पण चर्चाच न करता त्याला हरलेला ठरविणे ही शिस्त नव्हे.

याच्या उलट टोकाला १९५५ च्या अखेरीस फलटणला यशवंतराव चव्हाण यांनी घेतलेली भूमिका होती. संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांत निवड करण्याची वेळ आली, तर आपण नेहरूंना निवडू, या आशयाचे त्यांचे उद्गार महाराष्ट्राला झोंबले. त्यांच्यावर त्या काळी जी टीका झाली, तिची पुनरुक्ती आम्ही करीत नाही, कारण १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, तेव्हा पहिले मुख्यमंत्री तेच होते, आणि आतून रेटा लावण्याचे काम त्यांनी केले, हेही इतिहासात नोंदलेले आहे. बाहेर पडणारा देशमुख आणि आत राहणारा चव्हाण, दोघेही लागतात, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांत एक पुस्ती जोडू इच्छितो. आत राहणाऱ्याला आत राहून बोलता आले पाहिजे. ते येत नसेल, तर त्याचे आत राहणे आणि गप्प बसणे यांत भेद उरत नाही. आणि व्यक्तीवरील निष्ठेचे म्हणाल, तर ती घरात शोभते. पक्षात निष्ठा असावी ती जाहीरनाम्यावर, कारण मते त्याच्या नावाने मागितलेली असतात.

यानंतरचा काळ झपाट्याने पाहू. १९६३ साली द्वारकाप्रसाद मिश्र काँग्रेसचे मुख्यमंत्री म्हणून परत आले आणि जुलै १९६७ मध्ये गोविंद नारायण सिंह ३६ काँग्रेस आमदारांसह पलीकडे गेल्यामुळे त्यांचे सरकार पडले. त्या वर्षापासून देशभर पक्षांतराचा बाजारच भरला. त्यावर औषध म्हणून १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती होऊन दहावे परिशिष्ट आले. पक्ष स्वेच्छेने सोडला, तर आमदारकी जाणार. पक्षादेशाविरुद्ध मत दिले किंवा मतदानाला गैरहजर राहिले आणि पक्षाने पंधरा दिवसांत क्षमा केली नाही, तरीही जाणार. चोरासाठी केलेला फास सावाच्याही गळ्यात बसला तो असा. पैसे घेऊन पलीकडे जाणारा आणि धरणाखाली आपले तालुके बुडतात म्हणून विरोधी मत देणारा, कायद्याच्या लेखी दोघे एकच. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला खरा, पण पक्षादेशाचे हे शस्त्र विश्वासदर्शक ठरावापुरते आणि पक्षाच्या मूलभूत धोरणापुरतेच वापरावे, असेही सांगितले. ती सूचना कोणत्या पक्षाने मनावर घेतली? गोव्याच्या रवी नाईक प्रकरणात १९९४ साली असेही ठरले की, रीतसर राजीनामा दिला नाही तरी वागणुकीवरून पक्ष सोडला असे मानता येईल. म्हणजे न दिलेलाही राजीनामा दिला गेला, असे समजता येते.

आणि मग दिलेल्या राजीनाम्याची नवी तऱ्हा निघाली. पक्षांतर केले तर अपात्रता येते ना? मग पक्षांतर करूच नये, आमदारकीचाच राजीनामा द्यावा, सभागृहाची संख्या खाली आणावी, सरकार पाडावे आणि पोटनिवडणुकीत दुसऱ्या पक्षाच्या तिकिटावर परत यावे. २०१९ साली कर्नाटकात हे झाले. त्यांत बेळगाव जिल्ह्यातील गोकाक, अथणी आणि कागवाड या तीन जागा होत्या, आणि तिन्ही जागी तेच सद्गृहस्थ नव्या पक्षाचे म्हणून पुन्हा निवडून आले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची अपात्रता कायम ठेवली, पण मुदत संपेपर्यंत निवडणूक लढविण्याची बंदी उठविली. मार्च २०२० मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि २० मार्च रोजी विश्वासमताला सामोरे न जाता कमलनाथ पायउतार झाले. त्या २२ जणांना ज्या मतदारांनी पाठविले होते, त्यांना राजीनाम्यापूर्वी कोणी एका शब्दाने तरी विचारले होते काय? चिंतामणरावांच्या आणि यांच्या कागदावर शब्द तोच आहे.

राजीनाम्याचा परिणाम किती दूर जातो, हे महाराष्ट्रानेही पाहिले. २९ जून २०२२ रोजी उद्धव ठाकरे यांनी बहुमताच्या चाचणीपूर्वीच राजीनामा दिला. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांनी ती चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते, असे म्हटले. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला तोंड न देता आपण होऊन राजीनामा दिला असल्यामुळे पूर्वस्थिती आणता येत नाही, असेही म्हटले. त्याच निकालात पक्षादेश काढणारा प्रतोद मूळ पक्षाने नेमावयाचा, विधिमंडळातील गटाने नव्हे, असे ठरले. कोणाची बाजू खरी, या वादात आम्ही येथे शिरत नाही. पण वर्ध्याचा तो जुना प्रश्न, की आमदाराचा धनी त्याचा विधिमंडळ पक्ष की बाहेरची संघटना, चौऱ्याऐंशी वर्षांनी पुन्हा तसाच उभा राहिला होता, एवढे ध्यानात घ्यावे.

श्रोतेहो, आम्हांस काय हवे आहे, ते सांगून रजा घेतो. पक्षांच्या घटनांत मतभेदाची नोंद करण्याचा हक्क लिहिलेला असावा. ठरावाबरोबर अल्पमताचे कारणही छापले जावे. विश्वासमत आणि जाहीरनाम्यातील कलमे सोडून इतर मतदानांवरचा पक्षादेश कायद्यानेच उठवावा. आणि राजीनामा देणाऱ्याने कारण सांगावे. यांतील शेवटची मागणी सर्वांत साधी वाटते, पण लोकसभेचे नियम काढून पाहा. १९९ व्या नियमाप्रमाणे पद सोडणाऱ्या मंत्र्याला अध्यक्षांच्या संमतीने सभागृहात निवेदन करता येते. मात्र सभासदत्वाचा राजीनामा देणाऱ्यासाठी २४० वा नियम आहे. त्यात पत्राचा मसुदा ठरवून दिला आहे, आणि कोणी त्यात कारण लिहिलेच, तर तेवढे शब्द वगळून बाकीचे पत्र वाचण्याची मुभा अध्यक्षांना आहे.